तळकोटच्या दोन बखरी आणि एक जाळं

पुण्यात आमच्या आळीत नर्मदेपलीकडचं कुणी काही बघितलेलं नाही. काशीला जाऊन आलेले तिघे आहेत, पण त्यांच्या वर्णनावरून वाटतं की वाटेत ते डोळे मिटूनच बसले होते. त्यामुळे मी माळव्यातून परत आल्यापासून रोज कुणीतरी ओट्यावर येऊन बसतं आणि म्हणतं, सांग. सांगून सांगून घसा बसला. आता लिहूनच काढतो. वाचा आणि पुढच्या घरी द्या.

गेलो कशाला, तर टाइपरायटर चालवायला. शाळा संपल्यावर मी एका वकिलांच्या कचेरीत इंग्रजी यंत्रावर बोटं चालवायला शिकलो. ती एवढी जोरात चालायला लागली की वकीलसाहेब म्हणाले, "विष्णू, जरा दमानं, माझा मजकूर संपतो." तेवढ्यात देवासहून दत्तूमामांचं पत्र आलं. मामा आईचे धाकटे भाऊ, पण त्यांचा जन्म माळव्यातच गेला. पत्रात लिहिलं होतं: "यंत्र घेऊन निघून ये. एका सरदार घराण्याचा इतिहास इंग्रजीत करून पोलिटिकल साहेबास द्यावयाचा आहे. घराणे एक आहे. इतिहास दोन आहेत. बाकी समक्ष."

वकीलसाहेबांनी जुनं यंत्र दिलं, आईनं लाडू दिले, आणि मी निघालो. आगगाडीबद्दल सांगण्यासारखं काही नाही. कोळसा डोळ्यात गेला, एवढंच.

देवास

इंदूरला आगगाडीतून उतरायचं आणि तिथून टांग्यानं देवास. टांगेवाल्यानं विचारलं, "भिया, कौनसे देवास?" मी म्हटलं, देवास किती आहेत? तो मागे वळून माझ्याकडे बघायला लागला. घोडा तसाच चालत होता.

खरंच दोन आहेत. म्हणजे गाव एकच, राजे दोन. मोठ्या रस्त्याची ही बाजू थोरल्या पातीची, ती बाजू धाकट्या पातीची. पाती म्हणजे वाटणी. दोन सख्ख्या भावांपासून चालत आलेली. मामांचं घर थोरल्या पातीत, पण पानवाला समोरच्या बाजूला, म्हणजे मामा जेवून उठले की पान खायला परराज्यात जातात. मी म्हटलं, मामा, गंमत आहे. मामा म्हणाले, "गंमत कसली? टेकडीवर देवीसुद्धा दोन आहेत, थोरली आणि धाकटी. दोघींना नमस्कार करून ये. एकीला केलास आणि एकीला नाही, तर लोक विचारतील, तू कुणाकडचा."

मी दोघींना केला. परत आलो तर मामींनी पान वाढलं होतं. दाल-बाफले. बाफला म्हणजे कणकेचा गोळा, आधी पाण्यात उकडायचा, मग गोवऱ्यांवर भाजायचा, मग फोडून तुपात बुडवायचा. बुडवायचा म्हणजे खरोखर बुडवायचा. आमच्याकडे तूप पानात पडताना आवाज होत नाही, इथे होतो.

"घ्या ना अजून एक," मामी म्हणाल्या.

"मामी, पुरे."

"पुरे काय? अबी तो बैठे हो. तूप कमी पडलं का?"

मामींचं बोलणं असंच, एका वाक्यात पुण्याच्या आजीची आज्जी आणि दुसऱ्यात इंदूरचा टांगेवाला. वडीलधाऱ्यांशी बोलताना "आपण यावे, आपण बसावे", आणि लगेच मागे वळून कामवालीला "काय करत बैठी है गं?" मला आधी हसू यायचं. मग तिसरा बाफला झाल्यावर मीच म्हणालो, "बस, अब नहीं." चौथा मी कधी खाल्ला ते आठवत नाही. उठलो तो दुसऱ्या दिवशी, आणि टांगा दारात उभा होता.

वाटेत मामांनी समजावून सांगितलं. नर्मदेच्या काठी, धरमपुरीच्या खाली काही कोसांवर तळकोट नावाची गढी आहे. तिचे मालक सरदार तळकोटे. त्यांच्यातही दोन पात्या. थोरले दादासाहेब, धाकटे बाळासाहेब. राहतात एकाच गढीत, पण बोलत नाहीत. भांडण एका खुर्चीचं. इंग्रजांच्या पोलिटिकल साहेबाच्या दरबारात उजव्या हाताची खुर्ची कुणाला, हे ठरायचं आहे. साहेबानं सांगितलंय, ज्याच्या पूर्वजानं गढी आधी मिळवली त्याला. दोघांनी आपापला इतिहास लिहून द्यावा. साहेब स्वतः येऊन बघेल.

"आणि इतिहास कुणी लिहिला?" मी विचारलं.

"मी," मामा म्हणाले.

"कुणाचा?"

"सकाळी थोरल्यांचा. दुपारी धाकट्यांचा. दोघांकडे कारकून आहे."

"मग खरा कुठला?"

मामांनी सुपारी कातरली. "देवासला राहून हे विचारतोस, भिया?"

धार

धार संस्थानच्या नाक्यावर आमची गाडी थांबवली. शिपायानं माझी पेटी उघडली, यंत्र बघितलं, एक कळ दाबली, खट झालं. त्यानं आणखी दोन दाबल्या. मग म्हणाला, "पेटी बिघडी है तुमची. सूर नहीं निकलता."

मी म्हटलं, ही वाजवायची नाही, लिहायची. त्याला पटेना. शेवटी मी कागद लावून त्याचं नाव विचारलं आणि इंग्रजीत छापून दिलं. त्यानं कागद उलटासुलटा धरून बघितला, घडी घालून पगडीत खोचला आणि मला सलाम केला. एवढा सलाम मला आजवर कुणी केलेला नाही. त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एक गोष्ट बसली: या मुलखात छापलेल्या कागदाची फार वट आहे. पुढे तीच उपयोगी पडली, आणि तीच अंगाशीही आली.

धारला तळी सुरेख आहेत. तांबडा किल्ला बघितला. आणि जुन्या मशिदीजवळ तो लोखंडी खांब, एवढा लांब की उभा होता तेव्हा ताडाएवढा असेल. कुठल्या राजानं उभा केला देव जाणे, पण आता तीन तुकडे होऊन पडलाय. मी म्हटलं, मामा, हा एवढा मजबूत खांब तुटला कसा?

मामा म्हणाले, "तीन भाऊ असतील."

रात्री मुक्काम मामांच्या ओळखीच्या एका मराठी घरी. तिथे आमटी-भात मिळाला, पण आमटीत साखर नव्हती आणि गूळही नव्हता, नुसती मिरची. डोळ्यांतून पाणी आलं. यजमान म्हणाले, "पुण्याची आठवण आली का?" मी हो म्हटलं. खोटं बोलावं लागतं कधीकधी.

तळकोट

गढी लांबून फार दिमाखदार दिसते. काळ्या दगडाचा तट थेट नदीतून वर आलेला, दोन बुरूज, मध्ये दरवाजा, खाली पायऱ्यांचा घाट. जवळ गेलो आणि दरवाज्यातच अडकलो.

दरवाज्याला दोन झडपा. उजवी थोरल्यांची, डावी धाकट्यांची. आम्ही आलो तेव्हा थोरल्यांच्या माणसानं उजवी उघडली. धाकट्यांचा माणूस झोपला होता, आणि डावीला हात लावायचा थोरल्यांना हक्क नाही. धारहून केलेली बैलगाडी बाहेर राहिली. यंत्र मी डोक्यावर घेऊन आडवा आत शिरलो, तेव्हा त्याची एक दांडी चौकटीला लागून वाकली. ती सरळ करायला पुढचे दोन तास गेले.

आत चौकात चुन्याची पांढरी रेघ. या बाजूला दादासाहेब, त्या बाजूला बाळासाहेब. विहीर एक, रहाट दोन. बुरुजावर तोफ एक. तिची वाटणी कशी केली असेल सांगा. तोंड थोरल्यांचं, बूड धाकट्यांचं. दारू तोंडातून भरायची, ती थोरल्यांनी. बत्ती मागून द्यायची, ती धाकट्यांनी. थोरले म्हणतात, आधी बत्तीचा माणूस उभा करा, मग दारू भरू. धाकटे म्हणतात, आधी दारू भरा. तोफेत चिमण्यांनी घरटं केलंय.

दादासाहेब जाडजूड, मिशा पिळलेल्या. त्यांनी मला विचारलं, "टाइपवाले, आपल्या यंत्रात आमचं नाव मोठं येईल का?" मी म्हटलं, येईल. दुपारी बाळासाहेबांकडे. ते काटकुळे, सारखे शिंकणारे. त्यांनी विचारलं, "त्यांचं नाव किती मोठं काढलंत?" मी दाखवलं. "त्याहून एक बोट मोठं काढा."

संध्याकाळी घाटावर गेलो. तटाच्या अगदी पायाशी, पायऱ्यांच्या बाजूला, एक गवती घर होतं. बाहेर बांबूंवर जाळी वाळत टाकलेली, नाव उपडी करून डांबर लावत होते. म्हातारी बाई जाळ्याला गाठी मारत बसली होती. मामांनी सांगितलं ती रेवाबाई, केवटांची, म्हणजे नावाड्यांची. तिचं कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या इथे उतार चालवतं, म्हणजे लोकांना नावेतून पलीकडे नेतं.

"आणि चार दिवसांनी इथे नसेल," मामा म्हणाले.

"का?"

"साहेब नदीतून येणार. गढीचं पहिलं दर्शन याच बाजूनं. तिथे काय दिसेल? जाळी आणि मासे. म्हणून घर हलवायचं ठरलंय. पलीकडच्या वाळूवर."

मी वाळूकडे बघितलं. छान पांढरी वाळू. "पावसाळ्यात तिथे काय होतं?"

"पाणी होतं."

"म्हणजे घर?"

मामा म्हणाले, "आश्चर्य हे की या एका गोष्टीवर दादासाहेब आणि बाळासाहेबांचं एकमत झालं. बारा वर्षांत पहिलंच. मला इतका आनंद झाला की मी हरकत घ्यायला विसरलो."

दोन बखरी

सकाळी थोरल्यांची बखर इंग्रजीत करायला घेतली. वाचता वाचता माझी बोटंच थांबली. थोरल्यांचा मूळपुरुष पूर आलेल्या नर्मदेत घोड्यासकट उडी घेतो, तलवार दातात धरून पोहत येतो, असंख्य शत्रू कापतो आणि गढी घेतो. आणि त्याचा धाकटा भाऊ? तो पलीकडच्या काठावर त्याचे कपडे धरून उभा.

दुपारी धाकट्यांची घेतली. धाकट्यांचा मूळपुरुष हत्तीवरून येतो. हत्तीसुद्धा पोहतो. शत्रू तितकेच असंख्य. आणि थोरला भाऊ पलीकडच्या काठावर कपडे धरून उभा.

"मामा, कपडे तेच आहेत," मी म्हटलं.

"अरे, एक वाक्य चांगलं उतरलं की दोनदा वापरावं."

दोन्ही बखरी संपता संपता एक पान असं आलं की ते दोन्हीकडे शब्दाशब्दाला सारखं. मामांनी त्याला नाव दिलं होतं "जलाभिषेकाचा मान". लिहिलं होतं: श्रावणात नर्मदा चढली म्हणजे श्रीमंत सरदार नदीत स्नान करून ओलेत्यानं येतात, आणि नदीचे लोक त्यांस गढीत पाचारण करतात. असा मान अन्य कोणास नाही. एक वर्ष थोरले हा मान घेतात, एक वर्ष धाकटे. पण दोघांच्या बखरीत दुसऱ्याचं नाव नाही.

आता पाचारणाला इंग्रजीत काय म्हणावं मला सुचेना. म्हटलं, मामा, नक्की काय होतं तिथे ते सांगा, मी सरळ तेच लिहितो.

मामा सांगायला लागले, मी टाइप करायला लागलो. सरदार डोक्यापासून पायापर्यंत भिजतो. पगडीसकट. मग रेवाबाईच्या उंबऱ्यापुढे येऊन उभा राहतो, हात जोडतो आणि म्हणतो, "पाणी उतरेपर्यंत आसरा द्या." रेवाबाई म्हणते, "या. पाणी उतरेपर्यंत राहा." आणि त्याच्या खांद्यावर कोरडी घोंगडी टाकते. तिनं असं म्हणेपर्यंत गढीचा दरवाजा बंद ठेवायचा. मग वाजतगाजत वर.

मी शेवटची ओळ संपवली, कागद काढला आणि वाचला. परत वाचला. इंग्रजीत काय होतं माहीत नाही, पण सगळं उघडं पडतं.

"मामा, हे तर भाडेकरू झाले."

"रीत आहे."

"पण म्हणतात काय ते ऐका ना. आसरा द्या म्हणतात. स्वतःच्या गढीत शिरायला."

"विष्णू, रीतीला अर्थ विचारत बसलं तर लग्नं कशी लागतील? दोघांना हे पान पाहिजे आहे. एकाचं काढलं तर तो दुसऱ्याचंही काढ म्हणेल, आणि दोन्ही काढली तर दोघे मला काढतील. राहू दे."

राहू दिलं. खरं सांगतो, मला ते पान फार आवडलं होतं. दोन्ही प्रतींत मी ते स्वच्छ, रुंद समास सोडून काढलं.

रेवाबाई

संध्याकाळी राहवेना, घाटावर धावलो. तिची बोली निमाडी, मी आमच्या मराठीत सांगतो.

"बाई, ही गढी कुणाची?"

"त्यांची आहे ना. वर राहतात की."

"आणि आधी?"

ती गाठ मारत राहिली. "आधी गढी नव्हती. कोट होता. आमच्याच लोकांनी दगड रचलेले. पूर आला की नावा, गुरं, धान्य सगळं त्यात. एका श्रावणात फौज नदी ओलांडत होती, नाव उलटली. माझ्या सासऱ्याच्या आज्यानं जाळं टाकलं. त्यात दोघे आले."

"दोघे?"

"भाऊभाऊ. दोघांना पोहता येत नव्हतं. म्हणाले, पाणी उतरेपर्यंत आसरा द्या. दिला. पाणी उतरलं, ते राहिले. मग त्यांची फौज परत आली, तेव्हा ते आतून बोलायला लागले आणि आम्ही बाहेरून."

मी विचारलं, जाळ्यात आधी कोण आला, थोरला की धाकटा? कारण खुर्चीचा सगळा प्रश्न तोच.

"एका जाळ्यात आले, बेटा. आधी कोण, हे जाळ्याला काय माहीत?"

"तुमच्याकडे काही कागद आहे?"

"कागद कशाला? दर साली ते स्वतः येतात आणि स्वतःच्या तोंडानं सांगतात. कागदावर तर दुसरा कुणी लिहितो."

तो दुसरा कुणी मीच होतो. मग मी विचारलं, घर हलवणार आहेत, तुम्ही काय करणार?

तिनं पहिल्यांदा हात थांबवले. "वाळूवर सहा माणसं झोपवायची. श्रावणात कुठल्या झाडावर टांगू, ते बघतेय."

दुसऱ्या दिवशी त्यांनी घर उतरवायला घेतलं. थोरल्यांची माणसं एका बाजूचं गवत काढत होती, धाकट्यांची दुसऱ्या बाजूचं. छप्पर गेलं, कूड गेले. संध्याकाळ झाली आणि माणसं गेली. दाराची चौकट तेवढी उभी राहिली, सकाळी काढू म्हणून. रेवाबाई चौकटीच्या मागे बसली होती. आत येताना जो तो अजूनही चौकटीतूनच येत होता. आजूबाजूला भिंत नव्हती, पण कुणी बाजूनं येत नव्हतं. मीही नाही.

साहेब येतो

साहेब एक दिवस आधी आला. दौऱ्यावरच्या साहेबाला कोण विचारणार. पहाटे धुकं, माघातली थंडी, नदी आटून पात्रात मधले खडक वर आलेले, आणि त्यातून साहेबाची नाव. धावपळ झाली. तोफेसाठी दोन्हीकडचे धावले, पण दारू आधी की बत्ती आधी हे ठरेपर्यंत साहेब पायऱ्या चढून आला. उंच, पिकल्या मिशांचा माणूस. त्याच्या हातात आमच्या दोन्ही बखरी. मामांनी आदल्या दिवशीच स्वारानं पाठवल्या होत्या.

घाटावरच खुर्च्या टाकल्या. साहेबानं मला दुभाष्या म्हणून पुढे घेतलं, कारण मामांचं इंग्रजी वाचण्यापुरतं आहे, तोंडात नाही.

साहेब म्हणाला, "मी दोन्ही इतिहास वाचले. एकात घोडा आहे, एकात हत्ती आहे. दोन्हीत कपडे आहेत. फक्त एक पान सारखं आहे. हा स्नानाचा समारंभ. हा मान कुणाचा?"

"आमचा," दादासाहेब म्हणाले.

"आमचा," बाळासाहेब म्हणाले.

"मग मला बघायला आवडेल," साहेब म्हणाला.

दादासाहेबांच्या मिशा खाली आल्या. "साहेब, तो श्रावणात असतो."

बाळासाहेब शिंकत म्हणाले, "यांना थंडी वाजत असेल. आम्ही आत्ता करू."

झालं. एवढं ऐकून दादासाहेब थांबणार होते थोडेच. दोघेही पगडीसकट पायऱ्या उतरले. एक उजवीकडून, एक डावीकडून, मध्ये मुद्दाम अंतर ठेवून. माघातलं नर्मदेचं पाणी. दादासाहेब आत गेले तो आवाज पलीकडच्या तीरावर ऐकू गेला असेल. बाळासाहेबांचा आवाजच आला नाही, नुसती पगडी वर आली.

ओलेचिंब होऊन दोघे वर आले आणि चौकटीसमोर उभे राहिले. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. माझ्याही लक्षात आलं. सगळ्या घाटाच्या लक्षात आलं. ज्या घरापुढे उभं राहायचं ते घर त्यांनी काल पाडलं होतं. चौकट होती. तिच्यामागे रेवाबाई होती. तिच्यामागे उघडं आकाश.

मामा माझ्या कानाशी म्हणाले, "बोला म्हणावं लवकर, न्युमोनिया होईल."

दोघांनी हात जोडले. दात वाजत होते. एकदमच म्हणाले, एकानं दुसऱ्याला पुढे जाऊ दिलं नाही, "पाणी उतरेपर्यंत आसरा द्या."

रेवाबाई उठली. तिनं चौकटीला हात लावला. मग त्या दोघांच्या मधून नदीकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. खडक, वाळू, गुडघाभर पाण्यात उभी बगळ्यांची रांग.

"पाणी तो उतरी गयो," ती म्हणाली.

वर बुरुजावर तोफेतली चिमणी तेवढी ओरडत होती.

"काय म्हणाली ती?" साहेबानं विचारलं.

मामांनी माझा कोट ओढला. "सांग, स्वागत केलं म्हणून."

मी मामांकडे बघितलं. दोन नोकऱ्या त्यांच्या, एकीत सकाळची मीठभाकर, एकीत दुपारची. मामींचे बाफले आठवले. पण त्या चौकटीतून मी काल तीनदा आत-बाहेर केलं होतं.

"ती म्हणते, पाणी उतरलं आहे," मी सांगितलं.

साहेबानं बखरीचं ते पान काढलं, बोट ठेवून वाचलं, मग सरदारांकडे बघितलं. अगदी हळू म्हणाला, "मग यांनी आता निघायला हवं, नाही का?"

मी भाषांतर केलं. बाळासाहेब म्हणाले, "ही रीत चातुर्मासातली आहे हो. आत्ता तिला अर्थ नाही."

"तुमच्या इतिहासात ती तुमची सगळ्यात मोठी मानाची गोष्ट आहे," साहेब म्हणाला. "दोघांच्याही."

मग दादासाहेब रेवाबाईकडे वळले. मोठ्या माणसाला खाली आवाजात बोलायची सवय नसते, त्यामुळे त्यांचं कुजबुजणं सगळ्यांना ऐकू आलं. "बाई, म्हण की नेहमीचं. माझ्या बापाला म्हणालीस, मला म्हणालीस. आज काय झालं?"

"म्हणते ना," ती म्हणाली. "पण आसरा कशात देऊ, मालक? माझ्याकडे छप्पर नाही."

त्यानंतर जे झालं ते माळव्यात परत कधी होईल असं मला वाटत नाही. थोरल्यांची माणसं गवत घेऊन धावली, धाकट्यांची कूड घेऊन. आढ्याचा वासा एकच, लांबलचक. तो कुणी उचलायचा यावर परत वाद सुरू झाला. तेव्हा दादासाहेबांनी ओल्या पगडीसकट एक टोक धरलं आणि दातांवर दात आपटत म्हणाले, "बाळ, धर रे, मेलो." बाळासाहेबांनी दुसरं टोक धरलं. बारा वर्षांतलं ते पहिलं वाक्य. मामांनी डोळे पुसले, पण नंतर म्हणाले धूर होता.

ऊन वर आलं तेव्हा छप्पर बसलं होतं. रेवाबाई आत गेली, आतून दोन घोंगड्या आणल्या, चौकटीत उभी राहिली.

"या," ती म्हणाली. "पाणी उतरेपर्यंत राहा."

साहेबानं निकाल दिला नाही. जाताना एवढंच म्हणाला की केवटांचं घर आहे तिथे राहील, हे मी लिहून नेतो. आणि खुर्चीचं म्हणाल तर दोन्ही बखरी ज्या एका वाक्यावर जुळतील ते वाक्य मला कळवा, मग बघू.

निघायच्या दिवशी मी यंत्र घाटावर नेलं. म्हटलं, बाई, तुमचीही बखर करू. इंग्रजीत. साहेबाला चालेल अशी. सांगा. तिनं खूप विचार केला.

"लिही, जाळं एकच होतं."

"एवढंच?"

"आणखी काय होतं?"

मी तेवढंच टाइप केलं, खाली तारीख घातली. तिनं कागद उलटासुलटा करून बघितला, नाक्यावरच्या शिपायासारखा सलाम मात्र केला नाही. घडी घालून नव्या छपराच्या गवतात खोचला आणि मला तीन रोहू मासे बांधून दिले. ते मी धारच्या यजमानांना देऊ केले. त्यांनी ते घेतले नाहीत. ब्राह्मणाच्या घरी तीन रोहू घेऊन कसं उभं राहायचं ते मला आता माहीत आहे.

परत आल्यावर

मामांची नोकरी गेली असेल या भीतीनं मी पुण्यात आठ दिवस पोस्टमनची वाट बघत होतो. काल पत्र आलं. दोन्ही नोकऱ्या शाबूत आहेत. उलट दोन्ही पात्यांनी मिळून मामांना तिसरी बखर लिहायला सांगितलीय, एकत्र. सकाळ-दुपार दोन्ही वेळ तिच्यातच जातात. घोडा आणि हत्ती यांच्यावर अजून वाद आहे. मामांनी होडी सुचवली, पण होडी म्हटली की पुढे जाळं येतं, म्हणून ती बाजूला ठेवलीय.

पण साहेबाला पाठवायचं वाक्य मात्र ठरलं. दोघांनी सही केली, एकाच कागदावर, एकाच शाईनं. मामा लिहितात की दादासाहेब आणि बाळासाहेब तासभर गच्चीवर शेजारी शेजारी उभे होते, खाली बघत होते. खाली माघाचं पात्र, वाळू, बगळे, आणि वाळूतून गुडघ्याएवढ्या पाण्यात जाळं ओढत चाललेली रेवाबाई. मग दोघे खाली आले आणि एकमतानं मजकूर सांगितला. साहेबाला कळवलंय, पाणी अजून उतरलेलं नाही.